खोगीर आणि स्टिअरिंग

१९५६ च्या जून महिन्यात पॅट स्माइद ही इंग्रज घोडेस्वार फ्लॅनगन या आपल्या घोड्यावर स्टॉकहोमच्या ऑलिंपिक मैदानात उतरली. त्या वर्षीचं ऑलिंपिक खरं तर मेलबर्नचं. पण बाहेरून येणाऱ्या जनावरांबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम इतके कडक होते, की घोड्यांच्या स्पर्धा काही महिने आधीच स्वीडनमध्ये उरकून घ्याव्या लागल्या. शो जंपिंग, म्हणजे घोड्यासह अडथळे पार करण्याची स्पर्धा, ऑलिंपिकनं स्त्रियांसाठी प्रथमच खुली केली होती. ब्रिटनच्या संघानं कांस्यपदक मिळवलं आणि त्या संघात पॅट स्माइद होती.

त्यानंतर जेमतेम दोन-तीन आठवडे गेले असतील. फ्रान्समध्ये रँस इथं १२ तासांची मोटार शर्यत सुरू होती. ॲनी बुस्के ही फ्रेंच चालक त्या शर्यतीत पोर्शे घेऊन उतरली होती. गाडीवरचा ताबा सुटला आणि अपघातात तिचा जीव गेला. पुढे ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीच्या आयोजकांनी स्त्रियांना प्रवेशच बंद करून टाकला. ते दार १९७१ पर्यंत उघडलं नाही.

या बंदीचा अन्याय नीट कळायचा असेल तर आदल्या वर्षीची घटना आठवायला हवी. ११ जून १९५५ रोजी ल मांवर पियर लव्हेची मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं दगावली, स्वतः लव्हे गेला. मोटार शर्यतींच्या इतिहासातला तो सर्वांत भीषण अपघात. त्यानंतर आयोजकांनी पिटसमोरचा रस्ता रुंद केला, पिट मागे सरकवले, प्रेक्षकांची जागा बदलली. पुरुषांनी शर्यतीत उतरू नये, असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुरुष गेला तेव्हा रस्ता दुरुस्त झाला आणि बाई गेली तेव्हा बायकांनाच घरी बसवलं.

एकाच उन्हाळ्यात एक दार उघडलं आणि दुसरं बंद झालं. हे दोन्ही खेळ एका बाबतीत सख्खे आहेत. कुस्तीत, धावण्यात, टेनिसमध्ये स्त्री-पुरुषांचे गट वेगळे असतात. घोड्यावरच्या ऑलिंपिक स्पर्धांत आणि मोटार शर्यतीत ते नसतात. एकच सुरुवात, एकच घड्याळ, एकच निकाल. अडथळा ओलांडायला घोड्याचे पाय लागतात, वेगासाठी इंजिन लागतं. स्वारानं किंवा चालकानं आणायचं ते डोकं, तोल, हात आणि धीर. त्यामुळे या खेळांत स्त्रिया मागे का राहिल्या, याचं उत्तर अंगातल्या ताकदीत शोधून सापडत नाही. आत कुणाला घेतलं, खर्च कुणी उचलला आणि सरावाची जागा कुठं होती, हे पाहावं लागतं.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा इतिहास परका वाटायचं कारण नाही. ज्या गाड्या या खेळाचं भांडवल आहेत त्या इथंच तयार होतात, आणि या इतिहासातलं एक ताजं प्रकरण पुण्याच्या एका बाईनं लिहिलेलं आहे. पण तिथवर यायला थोडं मागून यावं लागेल.

घोड्यांच्या स्पर्धांचं दार सुरुवातीला लष्करी हुद्द्यानं अडवलेलं होतं. ड्रेसाज या प्रकारात घोड्याकडून तालात, नेमक्या हालचाली करून घ्यायच्या असतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यात स्त्रियांना मनाई होती आणि अधिकारी नसलेल्या साध्या सैनिकालाही मनाई होती. स्वीडनच्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. मागाहून उघड झालं, की त्यातला गेनाल पेर्सन हा मुळात सार्जंट. स्पर्धेपुरता त्याला लेफ्टनंट केलेलं होतं. दुसऱ्या वर्षी संघाचं पदक काढून घेण्यात आलं. घोडा कसा चालला हे सगळ्या जगानं पाहिलं होतं, तरी खांद्यावरच्या पट्टीनं निकाल फिरवला.

१९५२ मध्ये हेलसिंकीला हे दोन्ही नियम गेले. पेर्सननं संघासह सुवर्णपदक पुन्हा जिंकलं, या वेळी उजळ माथ्यानं. आणि डेन्मार्कची लिस हार्टेल पहिल्याच संधीत रौप्यपदकाची मानकरी ठरली. १९४४ मध्ये पोलिओनं तिला गाठलं होतं. गुडघ्याखालचे पाय निकामी झालेले. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. घोड्याला इशारा देण्यासाठी स्वार टाच आणि पोटरी वापरतो. तिला ती सोय नव्हती. पाठ, मांड्या आणि शरीराचा भार यांवर तिनं ज्युबिली या आपल्या घोडीला शिकवलं. विजेता ठरलेल्या हेन्री सेंट सिरनं तिला मंचावर चढायला हात दिला. १९५६ मध्ये शो जंपिंग खुलं झालं आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लाना ड्यू पाँट या अमेरिकन स्त्रीनं इव्हेंटिंगमध्ये भाग घेऊन संघासह रौप्यपदक मिळवलं. उघड्या रानातून, पक्क्या अडथळ्यांवरून घोडा पळवायचा हा प्रकार सर्वांत धोक्याचा मानला जातो. तिसरं दार असं उघडलं.

मोटारींचा क्रम उलटा. तिथं दार आधी बरंच उघडं होतं. १९३० मध्ये ओदेत सिको आणि मार्गरीत मारूज या दोघींनी बुगाटी घेऊन ल मांची २४ तासांची शर्यत पुरी केली आणि सातव्या आल्या. १९३२ मध्ये सिकोनं जोडीदारासह अल्फा रोमिओ चालवत सर्वसाधारण क्रमवारीत चौथा क्रमांक मिळवला. ल मांवर स्त्रीनं मिळवलेला तो आजवरचा सर्वांत वरचा क्रमांक आहे. १९३५ च्या शर्यतीत तर दहा स्त्रिया होत्या. त्यांतली एक एल्सी विस्डम. तिचा नवरा टॉमी हाही मोटार शर्यतींतला आणि मोटारींवर लिहिणारा पत्रकार. या जोडप्याची मुलगी ॲन, आणि ॲनची मैत्रीण पॅट मॉस. घोडा आणि मोटार या दोन्हींत एकाच आयुष्यात नाव कमावणारी बाई शोधायची, तर या पॅटपाशीच थांबावं लागतं.

पॅट मॉसचा जन्म २७ डिसेंबर १९३४ चा. वडील आल्फ्रेड दंतवैद्य. अमेरिकेत शिकायला गेले असताना १९२४ ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत धावून आलेले. आई आयलीनही मोटार स्पर्धांत बक्षिसं मिळवणारी. थोरला भाऊ स्टर्लिंग पुढं जगातल्या अव्वल चालकांत गणला गेला. घरात घोडे होते आणि मोटारीही होत्या. स्टर्लिंगचं मन मोटारींकडे ओढलं, पॅटचं घोड्यांकडे. ती ब्रिटनच्या शो जंपिंग संघात जाऊन पोचली. गाडी चालवायला मात्र स्टर्लिंगनं तिला अकराव्या वर्षीच शिकवली होती.

१९५३ पासून ती रॅलीत उतरू लागली. आधी हौस म्हणून. १९५५ च्या आरएसी रॅलीसाठी तिनं ट्रायम्फ कंपनीला विचारलं. ते गाडी द्यायला तयार होते, खर्च द्यायला नव्हते. एमजीवाल्यांनी गाडीही दिली आणि खर्चही. या थोडक्या पैशांच्या फरकामुळे ट्रायम्फच्या हातून ती गेली आणि बीएमसी या मोठ्या समूहाच्या ॲबिंग्डनच्या शर्यत विभागाला आपली सर्वांत नावाजलेली चालक मिळाली. पुढची काही वर्षं ती घोड्यावरच्या स्पर्धा आणि रॅली दोन्ही एकदम सांभाळत होती.

या दोन्हींत एक सारखं काम आहे. शो जंपिंगच्या फेरीआधी स्वाराला मैदान पायी फिरून बघू देतात. दोन अडथळ्यांमधलं अंतर तो स्वतःच्या पावलांनी मोजतो आणि त्यात घोड्याच्या किती ढांगा बसतील याचा हिशेब करतो. कुठं लगाम आवरायचा, कुठं मोकळा सोडायचा, कोणत्या वळणावर जवळून घ्यायचं, हे सगळं तो डोक्यात बसवतो. मग घोड्यावर बसायचं आणि एकदाच जायचं. घोडा अडथळ्यावर उडतो तेव्हा स्वाराची नजर पुढच्या अडथळ्यावर असते. रॅलीचा चालकही समोरच्या वळणात शिरताना त्याच्या पलीकडच्या वळणाकडे पाहतो. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, सोडला की मागे जातो. हा भार कधी कुठं न्यायचा हे ज्याला जमतं त्याची गाडी वळते, बाकीच्यांची घसरते. घोड्याचा भार मागच्या पायांवर आणून मगच उडी मागायची सवय ज्याला लहानपणापासून आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

१९५८ मध्ये पॅट आणि ॲन विस्डम लिएज–रोम–लिएज रॅलीत चौथ्या आल्या. त्याच वर्षी आरएसी रॅलीतही चौथ्या, आणि तीही साध्या मॉरिस मायनर गाडीत. मग आलं १९६०.

लिएज–रोम–लिएज ही रॅली बेल्जियममधून सुटायची आणि चार दिवस, चार रात्री चालायची. नावात रोम असलं तरी तोवर मार्ग युगोस्लाव्हियाकडे वळलेला होता. तिथल्या कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवरून जाऊन आल्प्सचे घाट ओलांडायचे आणि बेल्जियमला परतायचं. आयोजक मोरीस गारो वेळापत्रक असं आखायचा, की कुणालाच ते पाळता येऊ नये. जो कमीत कमी उशिरा पोचेल तो जिंकला. गाडीत दोघंच. एक चालवतो, दुसरा नकाशा बघतो आणि अधूनमधून बसल्या जागी डोळा लावतो. मुक्काम असा नसतोच.

दोघींची गाडी होती ऑस्टिन-हीली ३०००. स्पोर्ट्स कार, सहा सिलिंडर, २,९१२ सीसीचं इंजिन. या गाडीचा धाक पुरुष चालकांनाही वाटायचा. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरायची, एक्झॉस्टचा पाइप जमिनीला घासेल इतका खाली, आणि इंजिनची धग थेट पायांशी. त्या वर्षी ऐंशीच्या वर गाड्या निघाल्या. परत आल्या त्या तेरा. घाटात गिअरबॉक्सनं दगा दिला तेव्हा संघाच्या मेकॅनिकांनी रस्त्याच्या कडेलाच काम उरकून गाडी पुन्हा उभी केली, आणि मग पॅटनं गेलेली वेळ उरलेल्या घाटांत भरून काढली. तेरांत पहिली गाडी या दोघींची होती. स्त्रियांच्या गटात पहिली, असं नव्हे, सगळ्यांत पहिली. युरोपातली सर्वांत खडतर समजली जाणारी रॅली तोवर कुणा बाईनं जिंकलेली नव्हती.

त्या काळी रॅलींमध्ये ‘कूप दे दाम’ नावाचं स्त्रियांसाठीचं वेगळं बक्षीस असायचं. त्याचे परिणाम दोन्हीकडून होते. या बक्षिसाच्या जाहिरातीसाठी कंपन्या निदान एक तरी महिला जोडी संघात घ्यायच्या, त्यामुळे पॅटसारखीला गाडी मिळाली. पण ते बक्षीस मिळालं म्हणजे बाईचं काम झालं, असंही धरलं जायचं. पॅट युरोपची महिला रॅली विजेती पाच वेळा ठरली: १९५८, १९६०, १९६२, १९६४ आणि १९६५ मध्ये. तरीही तिची नजर मुख्य निकालावरच असायची. मे १९६२ मध्ये ॲनबरोबर तिनं हॉलंडची टुलिप रॅली मिनी कूपरमध्ये जिंकली. पुढं रॅलीच्या जगात दंतकथा झालेल्या मिनी कूपरचा हा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विजय.

१९६३ मध्ये तिनं एरिक कार्लसनशी लग्न केलं. हा स्वीडिश चालक साबचा आणि रॅलीचा बादशहा. लग्नानंतर तीही साबच्या संघात आली. १९६५ च्या मोंटे कार्लो रॅलीत तिसरी आली, १९६८ मध्ये लान्सियाच्या फुल्व्हियात सेस्त्रिएरे रॅली जिंकली. १९७४ मध्ये ती थांबली. मुलगी सूझी पुढं शो जंपिंगमध्येच उतरली, आणि पॅट पुन्हा घोड्यांत रमली. १४ ऑक्टोबर २००८ रोजी ती गेली. ज्या वर्षांत ती युरोपभर पुरुषांना मागं टाकत होती, त्या सगळ्या वर्षांत ल मांचं दार स्त्रियांना बंद होतं, हे ध्यानात ठेवायला हवं. १९७१ मध्ये ते उघडल्यावर मारी-क्लोद बोमों कॉर्व्हेट घेऊन उतरली. १९७५ मध्ये मिशेल मूतोंसह तिघींच्या गाडीनं दोन लिटरचा गट जिंकला. सध्याच्या जागतिक सहनशक्ती मालिकेतल्या शर्यतीत केवळ स्त्रियांच्या चमूनं एखादा गट जिंकायला मात्र नोव्हेंबर २०२३ उजाडला. बहरिनच्या आठ तासांच्या शर्यतीत सारा बोव्ही, राहेल फ्राय आणि मिशेल गॅटिंग या तिघींनी ‘आयर्न डेम्स’च्या पोर्शेत आपला गट जिंकला.

पॅट मॉस निवृत्त झाली त्या १९७४ साली पिंपरीत काय चाललं होतं? टेल्कोला, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, इंजिनिअर हवे होते. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये लागलेल्या जाहिरातीत तळाशी अट होती, की मुलींनी अर्ज करू नये. तिथं शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीला पुण्यात बोलावणं आलं आणि पिंपरीच्या कारखान्यात त्या शॉपफ्लोअरवरच्या पहिल्या स्त्री इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. पुढं सुधा मूर्ती या नावानं सगळा देश त्यांना ओळखू लागला. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. तिचा मोटार शर्यतीशी असलेला संबंध मात्र कुणी फारसा जोडत नाही. टेल्कोची अट आणि ल मांची बंदी यांच्या मुळाशी एकच समजूत होती: यंत्र, तेल, रात्रपाळी आणि धोका हे बाईचं काम नव्हे.

ती समजूत या पट्ट्यात हळूहळू मोडली. टाटा मोटर्सच्या इथल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्या जोडणारी अख्खी लाइन आता स्त्रिया चालवतात. त्यांची संख्या सुमारे दीड हजार आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या या मुली दरवाजे बसवतात, डॅशबोर्ड चढवतात, टॉर्क गननं बोल्ट आवळतात आणि लाइनच्या शेवटी गाडी सुरू करून पुढं नेतात.

दुसरी घडामोड चाकणची. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. पत्रा दाबण्यापासून रंगापर्यंत सगळं एकाच आवारात. त्याच काळात मर्सिडीज-बेंझनं पिंपरीतून चाकणला बस्तान हलवलं, महिंद्राही आली. खेड तालुक्यातल्या कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव काही वर्षांत देशातल्या मोठ्या मोटारनगरींपैकी एक झालं. आणि २०१० मध्ये फोक्सवॅगननं पोलो कप सुरू केला. सगळ्यांना एकसारख्या गाड्या, सारखं इंजिन, सारखे टायर. ज्याच्या घरी पैसा त्याची गाडी जास्त वेगवान, ही अडचण अशा शर्यतीत बरीच कमी होते.

लाइनवरून उतरलेल्या गाडीची शर्यतीची गाडी करताना आधी काढाकाढी असते. मागची सीट, गालिचे, छताचं अस्तर, दारांची आतली पॅनल, सगळं निघतं. मग पोलादी नळ्यांचा रोल केज आत वेल्ड होतो; गाडी उलटली तरी चालकाभोवतीची जागा चेपू नये म्हणून. चालकाला खांद्यापासून मांडीपर्यंत जखडून टाकणारी सीट आणि सहा पट्ट्यांचा हार्नेस येतो. आग विझवायची यंत्रणा बसते. एका झटक्यात वीज तोडणारं बटण बाहेरूनही हाताशी येईल असं लावतात. आत एसी नसतो. चेन्नईच्या उन्हात, आगीला न जुमानणाऱ्या अंगभर पोशाखात, हेल्मेट घालून बसलेल्या माणसाच्या अंगातून घामाच्या धारा लागतात. पुरुषाच्याही आणि बाईच्याही.

पोलो कपच्या या शर्यतींत चेन्नईची अलिशा अब्दुल्ला उतरली. एरवी प्रवासी विमान उडवणारी स्नेहा शर्माही एकसारख्या गाड्यांच्या शर्यतींतूनच पुढं आली. मग जेके टायरनं मुलींसाठी खास प्रशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि २०१८ मध्ये त्यातून पुण्याच्या डायना पुंडोलेचा प्रवास सुरू झाला. पेशानं शिक्षिका, दोन मुलांची आई. मोटार शर्यतींचं वेड वडिलांकडून आलेलं. कार्टिंगमध्ये सातव्या-आठव्या वर्षी उतरणाऱ्या मुलांच्या मानानं तिनं फार उशिरा सुरुवात केली. शाळा, घर आणि मुलं सांभाळून चेन्नई-कोइमतूरला सरावाला जायचं, परत येऊन वर्गावर हजर व्हायचं, असा तो क्रम होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर तिनं राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद जिंकलं. राष्ट्रीय कार रेसिंगचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. सलून म्हणजे रस्त्यावर आपण पाहतो तशा बंद टपाच्या गाड्यांचा गट. ग्रिडवर तिच्या भोवती पुरुष होते आणि वेगळं बक्षीस कुठलंच नव्हतं. पुढची मजल फेरारीची: मध्यपूर्वेतल्या फेरारी क्लब चॅलेंज मालिकेसाठी २९६ चॅलेंज ही गाडी. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ताकद ७०० अश्वशक्ती.

घोड्यांकडे पाहिलं तर हा मुलूख या बाबतीत मोटारींहून कितीतरी जुना आहे. चाकणहून जवळच तळेगाव दाभाडे. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची पत्नी उमाबाई इथली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव पडल्यावर सेनापतिपदाचा भार प्रत्यक्षात त्यांनीच वाहिला आणि गुजरातच्या मोहिमेवर स्वतः गेल्या. त्यांची समाधी तळेगावात आहे. मराठी मुलुखात बाई घोड्यावर बसणं हे नवल नव्हतं. पुढच्या काळात पागा गेल्या, घोडे लष्कराकडे आणि रेसकोर्सवर राहिले, आणि स्त्रिया खोगिरापासून दूर पडल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी हा शिक्षणाचा भाग आहे, पण तिथं मुलींची पहिली तुकडी यायला २०२२ उजाडलं. त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी संचलन करून बाहेर पडल्या.

आता तळेगावच्या बाजूला मावळात घोडेस्वारीची केंद्रं आहेत. तिथं शो जंपिंगच्या स्पर्धा होतात, मुलं-मुली एकाच यादीत नावं देतात. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, १९८२ नंतर घोडेस्वारीतलं पहिलं. चौघांच्या त्या संघात अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा हे दोन तरुण होते, तर इंदूरची सुदीप्ती हजेला आणि राजस्थानची दिव्यकृती सिंग या दोन तरुणी.

याच मावळात, नानोलीला, शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारा जुना स्टड फार्म आहे, आणि अलीकडे नानोलीचंच नाव लावणारं मोटार सर्किटही तिथं उभं राहिलं आहे. चाकणहून तासाभरात पोचता येईल अशा टापूत घोडा आणि मोटार दोन्ही आले. तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्यांसाठी पुण्याच्या चालकाला आजही चेन्नई-कोइमतूरला, हजार-बाराशे किलोमीटरवर जावं लागतं. गाडी ट्रकवर चढवून न्यायची, मेकॅनिक न्यायचे, टायर घ्यायचे, राहायचं. घोडेस्वारीतही तेच आहे: घोड्याचा खुराक, मोतद्दार, नालबंद, डॉक्टर, स्पर्धेला नेण्याचा खर्च. नियमानं दार उघडं असलं तरी या खर्चापुढं बहुतेक मुली उंबऱ्यावरच थांबतात.

इथं या पट्ट्यातल्या कंपन्यांना करण्यासारखं बरंच आहे, आणि ते त्यांच्या आवाक्यात आहे. पॅट मॉसची कारकीर्द एका कंपनीनं खर्च उचलायचं कबूल केलं म्हणून उभी राहिली. डायना पुंडोलेची सुरुवात टायर कंपनीनं मुलींसाठी निवड चाचणी ठेवली म्हणून झाली. नानोलीच्या सर्किटवर एकसारख्या, इथंच बनलेल्या गाड्यांची मालिका भरवता येईल. तिची निवड चाचणी टाटा मोटर्सच्या चिखलीच्या लाइनवर काम करणाऱ्या आणि निगडी-आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शर्यतीच्या गाड्या स्वतः बांधणाऱ्या मुलींपर्यंत नेता येईल. या मुलींना गाडीचं पोट उघडून आत काय आहे ते ठाऊक आहे. टॉर्क किती, ब्रेक कुठून जातो, सस्पेन्शन कसं बसतं, हे त्या रोज हातानं करतात. त्यांना वेगळा गट नको, सोपी गाडी नको. सर्किटवर आठवड्यातले काही तास, कंपनीनं भरलेलं प्रवेशशुल्क आणि शिकवायला एक चांगला प्रशिक्षक, एवढ्यानं पहिला हंगाम सुरू होऊ शकतो.